तीनदा मागं जाता येतं

बळीरामभाऊंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या जिन्यात. वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या, त्या बघायला ते नवरा-बायको आले होते. आमच्या जिन्याची सहावी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. नवा माणूस तिथं हमखास अडखळतो. बळीरामभाऊ पुढं होते, ते अडखळले आणि मागं न बघता बायकोला म्हणाले, "सहावी उंच आहे." म्हणाले म्हणजे नुसता श्वास सोडला. मी खाली स्वयंपाकघरात, गॅसवर कुकर, समोर नळ चालू. तरी ते तीन शब्द कोणी कानाशी आणून ठेवावेत तसे मला ऐकू आले.

याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ते सक्करदऱ्यात आमच्याच घरी वर राहतात. बळीरामभाऊ आता अडुसष्टचे, वच्छलाताई साठीला टेकलेल्या. मूलबाळ नाही. वच्छलाताईंचा उजवा हात, मान आणि उजवा कान भाजलेला आहे. कातडी ओढली जाऊन दोन बोटं तळव्याकडं वळलीत. बाहेर निघाल्या की पदर त्या खांद्यावरून घट्ट ओढून घेतात. पहिल्या आठवड्यातच मी बघतेय हे त्यांनी पकडलं आणि हसून म्हणाल्या, "लपवून नाही राहिली वं बाई, ऊन चावते तिथं."

बळीरामभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्या विदर्भाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या त्या जंगलपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटकं चालतात. आज एक गाव, उद्या दुसरं, आज एक नाटक, उद्या वेगळं. इतकी वाक्यं पाठ करायला नटाला वेळ कुठला? प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि प्रत्येकाला त्याचं वाक्य देतो. समोर पाच-सात हजार माणूस, शिट्ट्या, पोरांची रडारड. त्यातून ते वाक्य नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला नाही.

"कुजबुज पसरते, वहिनी," ते मला एकदा म्हणाले होते. "प्रॉम्प्टरचा आवाज पसरत नाही. ज्याच्याकडं पाठवला त्याच्याकडंच जाते."

वच्छलाताई त्याच नाटकमंडळीत नटी होत्या. चांगल्या नटी होत्या, हे मी इतरांकडून ऐकलेलं. स्वतःबद्दल त्या एकच गोष्ट सांगत, आणि ती मी अकरा वर्षांत दहा-बारा वेळा ऐकली असेल. नाटकात घर पेटवायचा प्रसंग होता. तुळशीच्या लाकडी वृंदावनामागं एका परातीत शोभेच्या दारूची भुकटी ठेवलेली असायची. वच्छलाताईंनी आपलं शेवटचं वाक्य म्हणायचं, दिवा उचलून डावीकडं निघून जायचं. मग पाटील झालेला नट त्याचं वाक्य म्हणायचा, ते ऐकून मागचा माणूस परातीला बत्ती लावायचा आणि भडका उडायचा. जानेवारीतल्या त्या रात्री वच्छलाताई वृंदावनाजवळ उभ्याच राहिल्या.

"वाक्य विसरली मी," त्या सांगत. "पूर्ण कोरी. यांनी दिलं असन, मलेच ऐकू आलं नाही. उभी राहिली बावळटासारखी, अन् पाटलानं त्याचं म्हणून टाकलं." इथं त्या डाव्या हातानं कपाळावर फटकन मारून घेत. "अशी मूर्ख बाई." मारणं खेळातलं नसे. आवाज येई.

त्यांनी हे सांगितलं की बळीरामभाऊ उठून जात. मला वाटे, बिचाऱ्यांना आठवण सहन होत नाही.

भाजल्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी वच्छलाताईंशी लग्न केलं. नाटक सोडलं, नागपूरला आले आणि सीताबर्डीला एका कापडाच्या दुकानात लागले. सव्वीस वर्षं तिथं काढली. बाकीचे सेल्समन ओरडून गिऱ्हाईक बोलवत, हे हळूच सांगत, "यात तुम्ही थकल्यासारख्या दिसता, तो निळा घ्या." बायका मुद्दाम त्यांच्याच गादीवर जाऊन बसत. भाजलेल्या मुलीशी लग्न केलं म्हणून त्यांच्या समाजात त्यांना फार मान. कुणाच्या मंगलपरिणयाला गेले की कोणीतरी माइकवर त्यांचं उदाहरण देई. वच्छलाताई अशा वेळी मान ताठ करून बसत. बळीरामभाऊ जेवण सोडून निघून येत.

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती, तेव्हा तिचा अर्थ न लावता. सकाळी वर बुद्धवंदना होते, दोघांची मिळून. त्यांचं पंचशील मला आता खालून ऐकून ऐकून पाठ झालंय. पहिल्या तीन शीलांना दोन आवाज असतात. चौथं, खोटं न बोलण्याचं, त्याला एकच आवाज असतो, वच्छलाताईंचा. पाचव्याला पुन्हा दोन.

आमची मुलगी भूमिका एका गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. आयटी पार्काजवळ एका इमारतीत चौदा पोरं-पोरी बसतात आणि दोन वर्षं एकच खेळ बनवत होती. त्याचं नाव ठरत नव्हतं, म्हणून सगळे त्याला 'जंगलवाला' म्हणत. गेल्या वर्षी त्यांचं अडलं ते एका आवाजाशी. मराठीत बोलणारा, दिसत नसलेला माणूस हवा होता. जो येई तो भुताचा आवाज काढे. भूमिका वैतागून घरी आली, आणि जिन्यात बळीरामभाऊ ताईंना सांगत होते, "पायरी ओली आहे."

ती तशीच त्यांना पुढच्या खोलीत घेऊन आली आणि लॅपटॉप उघडून बसली.

"काका, बुद्धिबळासारखं समजा. ह्या चौकटी. हे आपले सहा जण. धनुष्यवाली, भालेवाला, वैदू, असे. आपली पाळी झाली की राक्षसांची पाळी. चुकीच्या चौकटीत उभा केला की मेला."

"मेला म्हंजे गेला?"

"तीच तर मजा आहे ना! मेला की काळ मागं फिरवायचा. बटण दाबलं की सगळे उलटे चालत आपल्या जुन्या जागेवर. मग वेगळी चाल करायची. पण एका लढाईत तीनदाच मागं जाता येतं. चौथ्यांदा मेला तर मेला."

बळीरामभाऊंनी चष्मा काढून पुसला. "अन् मागं आल्यावर त्याहीले आठवते काय, आपून मेलो होतो म्हणून?"

"नाही. कोणालाच काही आठवत नाही. फक्त आवाजाला आठवतं. तोच त्यांना मागं आणतो ना. तो आवाज तुम्ही."

"मंग तो आवाज त्याहीले सांगत काहून नाही?"

"सांगितलं तर गोष्टच संपली, काका," भूमिका हसली. "शेवटपर्यंत त्यानं सांगायचं नाही, असंच लिहिलंय."

ते बराच वेळ त्या चौकटींकडं बघत बसले. मला वाटलं, नाही म्हणतील. पण वरून वच्छलाताईंनी ओरडून सांगितलं, "जा ना बाप्पा! तेवढाच गळा वापरात येईल!"

महिनाभर ते भूमिकासोबत जात होते. वाक्यं सगळी एवढी-एवढीशी. मागं ये. तिथं नको. डावीकडं वाट आहे. दुर्गेश म्हणून तिथं आवाजाचं काम बघणारा मुलगा आहे, तो म्हणे हे काका एका दमात पन्नास वाक्यं देतात आणि एकही परत घ्यावं लागत नाही. फक्त एका वाक्याला अख्खा दिवस गेला. 'तिथून हल.' दोनच शब्द. शंभरदा म्हणूनही ते प्रत्येक वेळी उशिरा येत. समोर पडद्यावर बाई पेटून जाई, मग यांचा आवाज. शेवटी दुर्गेशनं तो उशिराचाच ठेवला. भूमिकाला म्हणाला, "यार, हाच खरा वाटतो. असाच राहू दे."

खेळ तपासायला घरी न्या म्हणून त्यांनी एक टॅबलेट दिला. बळीरामभाऊंनी त्याला हात लावला नाही. लावला तो वच्छलाताईंनी.

मला वाटलं होतं, चार दिवसांची हौस. पण बाई त्यात जी उतरली! उजव्या हाताची बोटं वळत नाहीत म्हणून डाव्या तर्जनीनं खेळायच्या. पोरं म्हणे धडाधड पुढं घुसतात. वच्छलाताई आधी पूर्ण मैदान बघत. "हा भालेवाला इथं राहिला तर मागच्या पोरीची वाट अडते. यानं आधी हटलं पाहिजे, मंग तिची एन्ट्री." स्टेजवर कोण कुठं उभं आहे आणि कोण कुठून निघणार, हे त्या बाईच्या अंगातच होतं. ऑफिसातल्या चौदा जणांना न सापडलेल्या तीन चुका त्यांनी काढून दिल्या. एका लढाईत झाडामागून राक्षस येई, त्याला झाडामागं उभं राहायला जागाच नव्हती. "हा आला कुठून? विंगेतून की आकाशातून?" त्यांनी विचारलं, आणि भूमिकाच्या साहेबानं ते दुरुस्त केलं.

पण एक गोष्ट होती, जी मला त्या दिवसांत खाऊ लागली. दुपारी दोनच्या सुमारास वर खेळ सुरू होई आणि जिन्यातून बळीरामभाऊंचा आवाज येई. मागं ये. तिथं नको. मागं ये. आणि बळीरामभाऊ स्वतः खाली आमच्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, निंबाखाली बसलेले. आवाज वर, माणूस खाली. एकदा मी चहा घेऊन गेले तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवलेले होते. मला बघून काढले.

"ताईंना सांगू का, आवाज कमी करा म्हणून?"

"काही फरक नाही पडत, वहिनी," ते म्हणाले. "मले ऐकू येतेच. आधीपासून येते."

मे महिना लागला. वरच्या खोल्या तापतात, म्हणून वच्छलाताई दुपारच्या आमच्याकडं कूलरसमोर येऊन बसू लागल्या. त्या दिवशी मी आंब्याच्या फोडी करत होते. बळीरामभाऊ दारात पाटावर बसून माठाच्या तोंडाला फडकं बांधत होते. ताई पेटलेल्या गावाच्या लढाईत होत्या. त्यात दर तिसऱ्या पाळीला कुठल्यातरी चौकटीत आग उसळते. त्यांची धनुष्यवाली एका घराजवळ अडकलेली. तिला बाहेर काढायला त्या चारही बाजूंनी बघत होत्या.

पहिल्यांदा ती जळाली. टॅबलेटमधून आवाज आला, मागं ये. सगळे उलटे चालत आपापल्या जागी गेले. दुसऱ्यांदा जळाली. मागं ये. तिसऱ्यांदा ताईंनी वैदूला तिच्या मदतीला पाठवलं, पण त्यानंच तिची वाट अडवली. मागं ये. चौथ्या वेळी, मी सुरी हातात तशीच धरून बघत होते, ताईंनी तिला हलवलंच नाही. आवाज म्हणाला, तिथून हल. उशिरा. मग काही नाही. नुसती राख पडल्यासारखा पडदा.

वच्छलाताईंनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला आणि हसल्या. "सांगणारा सांगून राहिला होता. हीच उभी राहिली. माह्यासारखी." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मीही अशीच. यांनी दिलं असन वाक्य. मूर्ख बाई मीच." आणि हात कपाळाकडं गेला.

"मी वाक्य दिलंच नव्हतं."

त्यांना वाटलं खेळातलं काही बोलताहेत. "कोणाले?"

"तुले." बळीरामभाऊ माठाकडं बघत होते. "त्या दिवशी. तू विसरली नव्हती. मी दिलंच नाही. दोन पानं एकदम उलटली. पुढच्या पानावर पाटलाचं वाक्य होतं, ते त्याले देऊन टाकलं. त्यानं म्हटलं. बत्ती लागली."

ताईंचा हात कपाळापाशीच अर्धा थांबलेला.

"पानं चिकटली होती काय?" त्यांनी विचारलं.

मी मनात म्हटलं, हो म्हणा. जानेवारीतलं दव, ओली वही, गारठलेली बोटं. कोण दोष देणार होतं?

"नाही," बळीरामभाऊ म्हणाले. "मी वहीकडं पाहूनच नव्हतो राहिलो. तुह्याकडं पाहून राहिलो होतो."

हात खाली घेत वच्छलाताई म्हणाल्या, "एवढं तरी खोटं बोलायचं होतं."

मग त्यांनी एकच विचारलं. "लग्न काहून केलं?"

बळीरामभाऊंचे ओठ हलले. त्या माणसाचा नुसता श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. त्या दिवशी मी चार हातांवर होते, आणि मला काही ऐकू आलं नाही. ताईंनाही आलं नसावं. त्या उठल्या, पिशवीत दोन लुगडी घेतली आणि वाडीला भाचीकडं गेल्या.

वाडी म्हणजे अमरावती रोडवरची ट्रकांची वस्ती. भाची दीप्ती तिथं एका गोदामाच्या ऑफिसात बिलं करते आणि मागं खोली करून राहते. बारा दिवसांनी मी डबा घेऊन गेले. बाहेर ट्रक मागं घेत होते, क्लीनर "आने दो, आने दो" ओरडत होता. ताई खाटेवर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या.

"समजावायला आली असशील तर डबा ठेव अन् जा," त्या म्हणाल्या.

"वांग्याची भाजी आहे. समजावणं नाही आणलं."

तेव्हा कुठं त्या सरकून बसल्या. जेवता जेवता बोलल्या. "भाजलं त्याचं मी केव्हाच सोडलं वं. आग आहे, चुकते कोणाचंही. पण एकतीस वर्षं मी स्वतःले मारून घेतलं अन् हा माणूस बाजूले बसून पाहत राहिला. एकदा तरी हात धरायचा ना. लोक म्हणत, वच्छला, सोन्यासारखा नवरा भेटला तुले, तुह्यासारखीले. मीही तेच म्हणत होती. त्याच्या आधी मी कधी जेवली नाही. उपकार फेडत राहिली, कोणाचे?"

मी त्यांना आणखी भाजी वाढली.

"अन् तुले एक सांगू? चेहरा तर माहा शाबूत होता. आईचं काम, सासूचं काम, पदर घेऊन करता आलं असतं. मधुकरराव दवाखान्यातच म्हणाले होते, साऱ्या मंडळीसमोर. माह्या कानानं ऐकलं मी, या डाव्या. 'वाक्य विसरणारी बाई आहे, हिले स्टेजवर घेऊन पुन्हा कोणाचा जीव धोक्यात घालू नका.' मधुकरराव म्हणजे आमचे दिग्दर्शक. त्यानंतर कोणत्याच मंडळीनं विचारलं नाही. भाजली म्हणून नाही. वाक्य विसरते म्हणून."

पाणी पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं. "घरात सांगून काय होते? ज्यांच्यासमोर माह्यं नाव गेलं, त्यांच्यासमोर सांगा म्हणा. सगळ्याहीले. मंग मी पाहतो, काय करायचं ते." रागात असल्या की त्या असं पुरुषासारखं बोलत.

मी घरी येऊन निरोप दिला. बळीरामभाऊंनी मान हलवली. ते त्या दिवसांत फार विचित्र वागत होते. सकाळी वंदनेला एकही आवाज येत नव्हता. एक दिवस ते भूमिकाच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. आवाजानं त्या सहा जणांना खरं काय ते सांगावं असं काहीतरी बसवा, म्हणाले. हवं तर आणखी दहा वाक्यं फुकट देतो. भूमिका त्यांना दारापर्यंत सोडायला आली. "काका, आता वेळ नाही हो. दोन महिन्यांत खेळ बाहेर पडतोय." घरी येऊन ती माझ्याजवळ रडली. तिला काही माहीत नव्हतं. मी तेव्हाच सांगितलं तिला.

मग त्यांनी वडशाला, देसाईगंजला, ब्रह्मपुरीला फोन लावायला सुरुवात केली. जुन्या मंडळीतले अकरा जण होते. पाटलाचं काम करणारा सात वर्षांपूर्वी वारला. परातीला बत्ती लावणारा सुरतेकडं गेला तो गेलाच. पेटीवाला, तबलेवाला, मुख्य नायक, एकेक नावावर बळीरामभाऊ फुली मारत. आठ दिवसांनी उरलं एकच नाव. मधुकरराव. वय चौऱ्याऐंशी, वडशाला नातीकडं.

रविवारी सकाळी दहाला वच्छलाताई ऑटोनं आल्या. वर गेल्या नाहीत. आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. "लावा," म्हणाल्या.

फोन नातीनं उचलला, खुशी नाव तिचं. "आजोबांना फार कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "एकदम जोरात बोला, अंकल. ओरडूनच."

बळीरामभाऊंना मोठ्यानं बोलताना मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटतं त्यांनी आयुष्यातच कधी केलं नसेल. फोन टेबलावर, आवाज बाहेर येईल असा ठेवला होता. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले.

"मी बळीराम! प्रॉम्प्टर!"

"कोण?"

"बळीराम! वच्छलाचं नाटकात भाजलं होतं! ती वाक्य विसरली नव्हती! मी दोन पानं उलटली होती! माही चूक होती! तिची नाही!"

आवाज फाटला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. बळीरामभाऊ थांबले नाहीत. तेच पुन्हा म्हणाले, तितक्याच जोरात, आणि तिसऱ्यांदा. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या.

पलीकडं खोकल्याचा आवाज. मग म्हातारा अगदी सभ्यपणे म्हणाला, "कोणती वच्छला, बाबू?"

खुशी मध्ये आली. "अंकल, त्यांना जुनं काही आठवत नाही हो. मलाही कधी कधी विचारतात, तू कोण म्हणून."

बळीरामभाऊ खाली बसले. मी ताईंकडं बघितलं. एकतीस वर्षं ज्या एका वाक्याचा मार खाल्ला, ते म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यातून ते केव्हाच निघून गेलं होतं. माफ करायलाही तिथं कोणी नव्हतं, भांडायलाही नाही.

वच्छलाताईंनी खुर्ची पुढं ओढली आणि फोन स्वतःसमोर घेतला.

"खुशी बेटा, आजोबांच्या कानाशी धर," त्या म्हणाल्या. आवाज असा काढला की मी दचकले. खणखणीत. पाच हजार माणसांसाठीचा. "मधुकरराव! मी वच्छला! तुमच्या नाटकातली धाकटी सून! तुम्हाले आठवत नाही ना, मी सांगते! पहिला अंक!"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. घर कसं होतं, सासू कशी, पाटील कसा आला. सुनेची सगळी वाक्यं म्हणत, मधली इतरांचीही. पलीकडून म्हातारा मध्येच "बरं बरं" म्हणे, एकदा हसलाही. नाटक पुढं सरकलं. वृंदावन आलं. दिवा आला. पाटील दाराशी येऊन उभा राहिला. आणि वच्छलाताई थांबल्या.

आठवेना. डोळे मिटून बसल्या.

समोर बळीरामभाऊंचे ओठ हलू लागले. त्यांना ते वाक्य येत होतं. त्या पानावरचं शेवटचं. श्वास घेतलेला मी पाहिला. ताईंनी डोळे न उघडता भाजलेला हात वर केला.

"नको. देऊ नका. आठवेपर्यंत थांबा."

आम्ही थांबलो. भिंतीवरचं घड्याळ, निंबावरची साळुंकी. फोनमधून पलीकडचा म्हाताऱ्याचा श्वास येत होता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खुशी हलकेच "आजोबा झोपले वाटतं" म्हणाली, आणि मग टक् असा आवाज होऊन फोन बंद झाला. ताई तशाच बसल्या होत्या. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. कुकर लावायची वेळ टळून गेली एवढं खरं. बळीरामभाऊंनी दोन्ही ओठ दातांखाली धरून ठेवले होते.

मग वच्छलाताईंनी डोळे उघडले. फोन बंद झालाय हे त्यांनी पाहिलं. तरी मान ताठ केली, हात दिव्यासारखा धरला आणि पूर्ण म्हणाल्या,

"घर तुमचं असन, पाटील. दिवा मी लावला होता. तो घेऊन चालली."

म्हणाल्या आणि उठून, नाटकात जायचं होतं तशा, डावीकडं गेल्या. डावीकडं आमचं स्वयंपाकघर आहे. आत भांड्यांचा आवाज झाला, नळ सुटला. बळीरामभाऊ जागेवरून हलले नाहीत, आणि मीही त्यांना हल म्हटलं नाही.